दिसण्याचा वेश आणि लपण्याचा वेश

२६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर कंपनी सरकारची जी फौज नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याशी लढली, तिच्यातील मद्रासी पायदळाचे अंगरखे लाल होते. भोसल्यांच्या पदरी असलेल्या अरब शिपायांनी पायथ्याच्या घरांचा आश्रय घेऊन त्यांच्यावर गोळीबार केला व लहान टेकडी काही काळ काबीजही केली. लाल रंग हा अविचार होता असे मात्र समजू नये. काळ्या दारूच्या धुरात आपला कोण व परका कोण हे ओळखता येणे, ही त्या काळच्या युद्धाची पहिली गरज होती. आडोसा भिंतीचा घ्यावयाचा. कापडाकडून ती अपेक्षा सहसा केली जात नसे.

ती अपेक्षा येथे वायव्य सरहद्दीवर निर्माण झाली. १८४६ मध्ये हॅरी लम्सडेन याने पेशावर येथे गाइड्स पथक उभारले आणि त्याला मातकट रंगाचा पोशाख दिला. ‘खाक’ म्हणजे धूळ, यावरून तो ‘खाकी’ झाला. पुढे धूररहित दारू व लांब पल्ल्याच्या बंदुका आल्यावर हा रंग सर्वत्र अपरिहार्य ठरला. पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनमधील मराठा पलटणी इराकात कुत-अल-अमारा येथे २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यात झुंजल्या, त्या खाकी वेशातच. तेथील मातीला तो रंग साजेसा होता.

परंतु खाकीचे खरे आश्चर्य रणांगणाबाहेर आहे. धुळीत मिसळून जाण्यासाठी निघालेले हे वस्त्र पोलिसांच्या अंगावर येताच सत्तेचे सर्वांत ठळक चिन्ह बनले. मुंबई शहराच्या शिपायाचा निळा पोशाख व पिवळी टोपी विसाव्या शतकात दीर्घ काळ टिकून होती. गर्दीत तो दुरून दिसावा हाच तिचा हेतू. खाकीने हेच काम पुढे चालविले. पोलीस दिसला पाहिजे, त्याचे नाव वाचता आले पाहिजे, हे नागरी व्यवस्थेचे गृहीतक आहे.

ठिपक्या-पट्ट्यांच्या कॅमोफ्लाज कापडाने या गृहीतकाला धक्का दिला. फ्रेंच सैन्याने १९१५ मध्ये तोफा लपविण्यासाठी चित्रकारांचे स्वतंत्र पथक नेमले; इटलीने १९२९ मध्ये तंबूच्या छापील कापडाने ही कल्पना शिपायाच्या अंगापर्यंत नेण्याची वाट मोकळी केली. अशा कापडाचे तत्त्व रंगापेक्षा आकृतीचे आहे. मोठे गडद पट्टे मानवी देहाची बाह्यरेषा मोडतात. ठिपके फार लहान असले तर अंतरावरून ते एकमेकांत मिसळून एकच रंग दिसू लागतो आणि हेतू फसतो.

विदर्भात हा वेश पोलिसांकडे आला तो गडचिरोलीच्या अरण्यामुळे. १९८० च्या सुमारास आंध्रातून नक्षलवादी चळवळ येथे शिरली. १९९० मध्ये त्या वेळचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांच्या पुढाकाराने साठ स्थानिक युवकांचे ‘सी-६०’ पथक उभे राहिले. कॅमोफ्लाज ही त्याची ओळखच झाली. पण एका रंगसंगतीने येथील वर्ष निभत नाही. पावसाळ्यात हिरव्या झालेल्या रानात उपयोगी पडणारे कापड चैत्र-वैशाखात, साग निष्पर्ण होऊन जमीन वाळलेल्या पानांनी भरली म्हणजे, उलट उठून दिसते. त्या दिवसांत जुनी खाकीच अधिक लपते. या पथकाचे यश कापडापेक्षा गोंडी-माडिया भाषा व पायवाटा जाणणाऱ्या जवानांवर अधिक अवलंबून राहिले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

खरी अडचण गावकऱ्याची होती. नक्षलवाद्यांचा गणवेशही हिरवट. रात्री दारी आलेला सशस्त्र मनुष्य कोणत्या बाजूचा, हे वेशावरून सांगता येईना. आणि चुकीच्या ओळखीची किंमत गावकऱ्यालाच मोजावी लागणार. सीताबर्डीच्या लाल अंगरख्यांना जो प्रश्न नव्हता, तो येथे उभा राहिला.

सैन्याची तक्रार वेगळी आहे. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावरील हल्लेखोर सैनिकी वेशात आले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये निमलष्करी व पोलीस दलांच्या युद्धवेशसदृश पोशाखावर सैन्याने आक्षेप घेतला. नागरी बंदोबस्तात असा वेश दिसला तर तेथे सैन्य उतरले आहे असा समज होतो, हे त्याचे कारण. आक्षेप रास्त आहे. मात्र तो रस्त्यावरील बंदोबस्ताला जितका लागू पडतो तितका भामरागडच्या रानाला पडत नाही, आणि हा भेद चर्चेत क्वचितच केला जातो. १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी दाखविलेल्या नव्या नमुन्याची नोंदणी सैन्याने स्वतःच्या नावे करून घेतली. भारतीय न्याय संहितेचे कलम १६८ सैनिक नसलेल्याने सैनिक भासण्याच्या उद्देशाने तसा वेश घालणे दंडनीय ठरविते. पोलीस शिपाई तो वेश लपण्यासाठी घालतो, सैनिक भासण्यासाठी नव्हे. म्हणून हे कलम त्याला सहसा लागू होत नाही, आणि निर्णय शासकीय आदेशांवरच सोपविला जातो.