नपुंसकत्वाकडून ताठरतादोषाकडे : संशोधन-प्रकाशनाची वाटचाल आणि महाराष्ट्र

प्रस्तावना :

संभोगापुरती ताठरता पुरुषाच्या इंद्रियास न येणे अथवा ती न टिकणे, या विकारास आधुनिक वैद्यकात ताठरतादोष म्हणतात. लोकव्यवहारात मात्र त्यास 'नामर्दी' हाच शब्द रूढ आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात क्लैब्याचे बीजोपघात, ध्वजभंग, जरा व शुक्रक्षय असे चार प्रकार सांगितलेले आढळतात. याचा अर्थ, प्राचीन वैद्यकाने या अवस्थेकडे रोग म्हणून पाहिले होते. 'नामर्दी' हा शब्द रोगाचे नाव सांगत नाही, तो माणसावर शिक्का मारतो. या विषयावरील शास्त्रीय लेखन कोठे, कोणाच्या पुढाकाराने व कोणाच्या आश्रयाने प्रसिद्ध होत गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मुंबईतील नियतकालिके :

मराठीत या चर्चेस नियतकालिकाचे व्यासपीठ दिले ते प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. विल्सन महाविद्यालयातील गणिताच्या अध्यापकाची नोकरी त्यांनी संततिनियमनाच्या प्रचारापायी गमावली होती. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. हस्तमैथुनाने पुरुषत्व नष्ट होते, ही समजूत त्या काळी सुशिक्षितांतही पक्की होती. वाचकांच्या अशा शंकांना कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरे देत. १९३१ मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखाबद्दल त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ चा खटला तर थेट प्रश्नोत्तरांवरच होता. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. लैंगिक प्रश्नांसाठीच चालविलेल्या मासिकाने वाचकांच्या शंकांना उत्तरे द्यावयाची नाहीत, तर काय करावयाचे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. तरीही कर्वे यांना २०० रुपये दंड झाला. अश्लीलतेच्या कायद्यास शास्त्रीय उत्तर व चावट मजकूर यांतील भेद कळला नाही, असेच म्हणावे लागते.

त्याच १९३४ मध्ये मुंबईतूनच डॉ. ए. पी. पिल्ले यांनी 'मॅरेज हायजीन' हे इंग्रजी त्रैमासिक काढले. युरोप-अमेरिकेतील अभ्यासक त्यात लिहीत. पुढे याचेच 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी' झाले. अर्न्स्ट ग्रॅफेनबर्ग यांचा स्त्रीच्या कामपूर्तीविषयीचा, आजही उद्धृत होणारा शोधनिबंध १९५० मध्ये याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या ज्ञानशाखेचे एक जागतिक केंद्र एकेकाळी मुंबईत होते, ही बाब आपल्या वैद्यकीय इतिहासलेखनात फारशी नोंदली जात नाही. तथापि दोन्ही नियतकालिके व्यक्तीच्या खांद्यावर उभी होती. त्यांच्यामागे ना विद्यापीठ होते, ना रुग्णालय. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे निधन पावले आणि नोव्हेंबरचा अंक 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा ठरला. पिल्ले यांचे नियतकालिकही १९५० च्या दशकातच थांबले.

मनाकडून रक्तवाहिन्यांकडे :

यानंतरच्या भारतीय लेखनात मानसोपचाराचा दृष्टिकोन प्रभावी दिसतो. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये वर्णिलेले 'धात सिंड्रोम' हे त्याचे ठळक उदाहरण होय. वीर्यनाशाच्या भीतीने येणारी दुर्बलता त्यात मांडली होती. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांच्या प्रयत्नांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा राहिला.

परदेशात मात्र विषयाची सूत्रे मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेली. १९८२ मध्ये पॅरिसच्या रोनाल्ड विराग यांनी पॅपाव्हरिनच्या इंजेक्शनाने ताठरता आणता येते, हे प्रसिद्ध केले. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने 'नपुंसकत्व' या शब्दाऐवजी 'ताठरतादोष' हा शब्द सुचविला. १९९४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील पाहणीत ४० ते ७० वयाच्या पुरुषांपैकी ५२ टक्क्यांत हा दोष कमीअधिक प्रमाणात आढळला. २७ मार्च १९९८ रोजी सिल्डेनाफिलला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि शोधनिबंधांचा ओघ वाढला. त्यात औषध कंपन्यांच्या पैशाचा वाटा मोठा होता, हे विसरून चालणार नाही.

परंतु या ओघातूनच एक मोलाची गोष्ट पुढे आली. मिलान येथील मॉन्टोर्सी व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हृदयविकाराच्या ३०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी जवळपास निम्म्यांना ताठरतादोष होता आणि अशा रुग्णांपैकी सुमारे दोनतृतीयांशांत तो हृदयविकाराच्या लक्षणांआधी, सरासरी तीन वर्षे अगोदर, सुरू झाला होता. इंद्रियाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक असल्याने त्या आधी कोंदतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. मधुमेहातही हा दोष वारंवार आढळतो.

हे ज्ञान बहुतांशी इंग्रजीत राहिले. जुन्नर वा आंबेगावच्या डोंगराकडेच्या गावातील पन्नाशीच्या शेतकऱ्यास ही तक्रार जाणवली, तर ती मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात बोलून दाखविण्यापेक्षा जडीबुटीवाल्यास गुपचूप सांगणे त्यास सोपे वाटते. रक्तातील साखर व रक्तदाब तपासण्याची वेळ त्यात निघून जाते. 'समाजस्वास्थ्य' बंद पडले त्याच्या पुढील वर्षी, १९५४ मध्ये, नपुंसकत्वावरील औषधांच्या जाहिरातींना मनाई करणारा केंद्रीय कायदा झाला. जाहिराती चालूच राहिल्या, भिंतींवरही आणि वर्तमानपत्रांतही. वाचकांच्या प्रश्नांना उत्तर देणारे मासिक मात्र तोवर उरले नव्हते.