रामेनच्या वाडग्यात कोणाची भूक?

ज्यांना हा भाग कानात इअरफोन घालून ऐकायला जमला नाही, किंवा ऐकताना जपानी नावं निसटून गेली, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय. फक्त माझे 'अं...' आणि 'म्हणजे कसंय' काढून टाकलेत.

मध्यंतरी एका श्रोत्याचा मेसेज आला होता, "ताई, रामेन म्हणजे महागातली मॅगीच ना?" मी हसले आणि पुढे गेले. पण खरं सांगू? जपानला जाईपर्यंत मलाही त्यापेक्षा फार काही माहीत नव्हतं.

तर सुरुवात करू फुकुओका शहरातून. जपानच्या दक्षिणेकडच्या क्युशू बेटावरचं हे शहर. त्यातल्या बंदराच्या भागाला हाकाता म्हणतात. तिथल्या एका प्रसिद्ध रामेनच्या दुकानासमोर मी तासभर रांगेत उभी होते. दारातच एक मशीन. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, तिकीट घ्यायचं. मग एक छापील कागद हातात येतो. शेवया कडक हव्यात की मऊ, लसूण किती, तिखट किती, सगळ्यावर गोल करायचा. आत गेल्यावर प्रत्येकाला स्वतंत्र खण, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, आपल्या अभ्यासिकेत असतात ना, तशा. समोरचा छोटा पडदा वर जातो, दोन हात वाडगा ठेवतात, पडदा खाली. वाढणाऱ्याचा चेहरासुद्धा दिसत नाही.

मी काय केलं? आधी व्हिडिओ काढला. वाफ नीट दिसेना म्हणून परत काढला. मग शेवया खाल्ल्या, आणि पोट भरलं म्हणून अर्ध्याच्या वर सूप तसंच ठेवून उठले. हे लक्षात ठेवा, कारण शेवटी मला याच्याकडे परत यायचंय.

आता इतिहास. आज रामेन म्हणजे जपान असं समीकरण झालंय. पण जपान्यांच्या लेखी हा पदार्थ कित्येक वर्षं परका होता. १८५९ साली योकोहामा बंदर परदेशी व्यापारासाठी खुलं झालं. गोऱ्या व्यापाऱ्यांबरोबर चिनी माणसं आली. कोणी दुभाषा, कोणी कारकून, कोणी आचारी. त्यांनी त्यांच्या सवयीचं सूप आणि गव्हाच्या शेवया बरोबर आणल्या. जपानी लोक त्याला 'नानकिन सोबा' म्हणायचे, नानकिंगच्या शेवया. पुढे 'शिना सोबा' म्हणजे चिनी शेवया हे नाव रूढ झालं. 'रामेन' हा शब्दही मूळ चिनी 'लामियन'वरून आला असं बहुतेक जण मानतात. ला म्हणजे ओढणं, मियन म्हणजे शेवया.

१९१० साली तोक्योच्या आसाकुसा भागात 'राईराईकेन' नावाचं दुकान निघालं. मालक ओझाकी कानइची, आधी योकोहामाच्या कस्टम खात्यात नोकरीला. त्याने योकोहामातूनच चिनी आचारी आणले. आसाकुसा म्हणजे तेव्हाचा नाटक-सिनेमाचा, करमणुकीचा भाग. कारखान्यातले कामगार, विद्यार्थी, थिएटरमधून बाहेर पडणारी गर्दी, या सगळ्यांना स्वस्तात गरमागरम आणि पोटभर मिळायचं. दुकान तुफान चाललं.

पण इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. १ सप्टेंबर १९२३ ला तोक्यो-योकोहामा परिसरात भीषण भूकंप झाला. आगी लागल्या, अफवा पसरल्या, आणि जमावांनी हजारो कोरियन आणि शेकडो चिनी माणसांना मारून टाकलं. म्हणजे बघा, चिनी शेवया गल्लोगल्ली पोचल्या होत्या. त्या आणणारी माणसं मात्र परकीच राहिली होती.

आता येऊ १९४५ वर. जपान युद्ध हरला होता. कोरिया आणि तैवान हातातून गेले, म्हणजे तिथून येणारा तांदूळ बंद. त्यात देशातलं भाताचं पीक त्या वर्षी फार वाईट आलं. रेशन इतकं तुटपुंजं की त्यावर माणूस जगणं अवघड, आणि काळ्या बाजारातून घेणं हा गुन्हा.

मग लोक काय करत होते? गुन्हाच करत होते. न करणाऱ्याचं काय व्हायचं, त्याचंही उदाहरण आहे. तोक्योचे एक न्यायाधीश होते, यामागुची योशितादा. काळ्या बाजारातलं धान्य घेणाऱ्या लोकांचे खटले त्यांच्यासमोर यायचे. आपण ज्यासाठी दुसऱ्यांना शिक्षा करतो ते आपण कसं खायचं, असं म्हणून ते फक्त रेशनवर राहिले. ऑक्टोबर १९४७ मध्ये उपासमारीने खंगून त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं ३३. मला हे पहिल्यांदा वाचल्यावर बराच वेळ काही सुचलं नव्हतं.

या भुकेच्या दिवसांत तांदळाच्या जागी आला अमेरिकन गहू. जपानवर तेव्हा अमेरिकेच्या लष्कराचा अंमल होता, आणि आयात गव्हाचं पीठ पावासाठी म्हणून दिलं जायचं. त्यातलं बरंचसं पीठ काळ्या बाजारात वळायचं आणि तिथून रस्त्यावरच्या गाड्यांवर. या गाड्यांना जपानीत 'याताई' म्हणतात. रस्त्यावर अन्न विकायला बंदी होती, पोलीस पकडायचे, आणि गाड्यांवर गुंडांच्या टोळ्यांचा ताबा असायचा. तरी रात्री गल्लीत 'चारुमेरा' वाजला की लोक बाहेर यायचे. चारुमेरा म्हणजे आपल्या सनईच्या जातीतलं एक छोटं वाद्य. रामेनवाला ते वाजवत यायचा. आपल्याकडे कुल्फीवाल्याची घंटी असते ना, तसं.

हे गाडे लावणारे कोण होते? त्यात चीन, मांचुरिया, कोरियातून परतलेले बरेच जपानी होते. घर गेलेलं, काम नाही, पण तिकडचं खाणं माहीत असलेले. आणि इथेच हाकाता परत येतं. युद्धानंतर समुद्रापलीकडून परतणाऱ्यांना उतरवून घेणारं हे एक मोठं बंदर होतं. १३ लाखांहून जास्त माणसं या एका बंदरावर उतरली. आणि इथूनच लाखो कोरियन आणि चिनी माणसं उलट दिशेने आपापल्या देशी गेली. शहर तर जून १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालेलं. अशा शहरात गाडा टाकणं सर्वांत सोपं.

हाकाताचं रामेन पांढरट, दुधासारखं दिसतं. त्याला 'तोन्कोत्सु' म्हणतात, म्हणजे डुकराची हाडं. हाडं तासन् तास खळखळ उकळून हे सूप होतं. याचं मूळ जवळच्या कुरुमे गावात. तिथे १९३७ साली एका गाड्यावर हाडांचं सूप मिळू लागलं होतं, पण ते पातळ होतं. १९४७ साली दुसऱ्या एका गाड्यावर आच चुकून जास्त राहिली, सूप पांढरं झालं, आणि तेच लोकांना आवडलं अशी गोष्ट सांगतात. शेवया इतक्या बारीक का? तर नागाहामाच्या मासळी बाजारातल्या कामगारांना थांबायला वेळ नसायचा. बारीक शेवया पटकन शिजतात. पण सूपात राहिल्या तर लगेच मऊ पडतात, म्हणून आधी थोड्या घ्यायच्या आणि संपल्या की उरलेल्या सूपात परत घालून घ्यायच्या. याला 'काएदामा' म्हणतात. म्हणजे सूप राखून ठेवायचं असतं, बरं का. मी ते टाकून आले होते.

आणि मॅगीवाल्या प्रश्नाचं उत्तर? ओसाकात आंदो मोमोफुकू नावाचा एक उद्योजक होता. जन्म १९१० चा, जपानच्या ताब्यातल्या तैवानमधला. युद्धानंतर काळ्या बाजारात एका रामेनच्या गाड्यासमोर थंडीत उभी असलेली लांबलचक रांग आपण पाहिली आणि ती डोक्यातून गेलीच नाही, असं तो सांगायचा. पुढे त्याचा धंदा बुडाला. मग घरामागच्या शेडमध्ये खटपट करून त्याने शेवया तेलात तळून वाळवायची युक्ती शोधली. २५ ऑगस्ट १९५८ ला 'चिकिन रामेन' बाजारात आलं. तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. 'शिना' हा शब्द चिन्यांना अपमानकारक वाटायचा, म्हणून युद्धानंतर तो मागे पडून 'चुका सोबा' आलं होतं. या पाकिटाने 'रामेन' हे नाव घराघरात नेलं. याच कंपनीचं 'टॉप रामेन' नव्वदच्या दशकात आपल्याकडे आलं. म्हणजे मॅगी हे रामेनच्या वंशातलं शेंडेफळ म्हणा हवं तर.

आता आजीकडे येते. परत आल्यावर मी तिला सगळं सांगत होते. अमेरिकेने १९५४ साली कायदा केला, पब्लिक लॉ ४८०, जास्तीचं धान्य दुसऱ्या देशांना सवलतीने द्यायचा. जपानने ते घेतलं, गव्हाचे पदार्थ शिकवायला तिथे गावोगाव स्वयंपाकाच्या गाड्या फिरल्या...

आजी मध्येच म्हणाली, "पीएल फोर एटी? अगं, तो तर आम्ही खाल्लाय!"

खरंच की! भारताने १९५६ साली याच कायद्याखाली करार केला होता. आजी ६५ साली लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली. म्हणाली, "रेशनवर लाल गहू आणि मिलो. मिलोची भाकरी थापायला गेलं की तुटायची. तुझे पणजोबा म्हणायचे, ही काय जनावरांनी खायची वस्तू! पण खायचे. शास्त्रीजींनी सांगितलं होतं, मग सोमवारी रात्री आमची चूल पेटायची नाही."

मग तिने विचारलं, "तू खाल्लंस ते, संपवलंस ना?"

मंडळी, मी खोटं बोलले. हो म्हणाले.

खरं तर पूर्ण खोटंही नव्हतं. फुकुओकातल्या शेवटच्या दिवशी मी बंदरावर गेले होते. तिथे परतलेल्यांच्या आठवणीचं स्मारक आहे, लाल रंगाची होडी आणि तिच्यावर उभी असलेली माणसासारखी आकृती. त्याच्याजवळ बराच वेळ बसले. संध्याकाळी एका साध्या गाड्यावर गेले. सहा-सात जण खांद्याला खांदा लावून बसलेले. फोन खिशातच ठेवला. शेवया संपल्यावर काएदामा मागितलं, आणि वाडगा दोन्ही हातांनी उचलून तळ दिसेपर्यंत प्यायले. शेजारचे आजोबा माझा वाडगा बघून हसले आणि काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही, पण आपल्याकडे पान स्वच्छ करणाऱ्या पोराकडे बघून म्हातारी माणसं हसतात, तसंच होतं ते हसू.

पहिल्या दुकानातल्या त्या वाडग्याबद्दल आजीला अजून सांगितलेलं नाही. हा भाग ती ऐकेल तेव्हा कळेलच.

तुमच्या घरात आजी-आजोबा असतील तर आज रात्री जेवताना एवढंच विचारा, "तुमच्या वेळी रेशनवर काय मिळायचं?" आणि जे सांगतील ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. मला पाठवलंत तर त्यावर एक अख्खा भाग करू.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, आणि ताटातलं संपवा!