हाडावर बसणारं श्रवणयंत्र आणि केस: झाकायचं की दिसू द्यायचं?

एप्रिल लागला की चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात पहाटेच मोहफुलं वेचायला माणसं निघतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी सुरू होते. जंगलात वाघ आहे, अस्वल आहे. म्हणून कोणी शक्यतो एकटं जात नाही. सगळे टोळीने जातात आणि अधूनमधून एकमेकांना हाका देत राहतात. हाकेला ओ मिळाली की सोबतची व्यक्ती जवळच आहे, एवढं कळतं.

पण ज्यांना हाक नीट ऐकूच येत नाही, त्यांचं काय?

अशा काही जणांना कानामागच्या हाडावर बसणारं श्रवणयंत्र उपयोगी पडतं. मात्र हे यंत्र दिसतं. त्यामुळे अनेकदा ते केसांखाली, पदराखाली किंवा स्कार्फखाली झाकलं जातं. ऐकण्याची अडचण इथूनच पुन्हा सुरू होऊ शकते. म्हणूनच हे यंत्र वापरणाऱ्यांसाठी केस कसे ठेवायचे, हा फक्त फॅशनचा प्रश्न उरत नाही.

हे यंत्र काम कसं करतं?

नेहमीचं श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानाच्या भोकात सोडतं. हाडावर बसणारं यंत्र कानाचा हा रस्ता टाळतं. ते आवाजाचं कंपनात रूपांतर करतं आणि ही कंपनं कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानापर्यंत पोहोचतात.

याच्या सर्वात जुन्या आणि परिचित प्रकारात तीन भाग असतात. पहिला भाग म्हणजे हाडात बसवलेला ३ ते ४ मिलिमीटरचा टायटॅनियमचा स्क्रू. दुसरा, त्वचेतून बाहेर येणारा छोटा खुंट. डॉक्टर त्याला अबटमेंट म्हणतात. तिसरा भाग म्हणजे या खुंटावर बटणासारखा अडकवायचा प्रोसेसर. माइक आणि बॅटरी या प्रोसेसरमध्ये असतात. खुंटाची जागा साधारणपणे कानाच्या भोकापासून ५ ते साडेपाच सेंटिमीटर मागे आणि वर असते, म्हणजे अगदी केसांच्या भागात.

कोणाला लागतं?

जन्मतः कानाचा बाहेरचा भाग अपुरा वाढलेला किंवा कानाचं भोक बंद असलेली मुलं, वर्षानुवर्षं कान वाहत असल्यामुळे साधं यंत्र कानात घालता न येणारे लोक आणि एका कानाने पूर्ण ऐकू न येणारे लोक, अशा तीन गटांत याचा मुख्यतः वापर होतो. पहिल्या दोन गटांत आतला कान चांगला असणं गरजेचं असतं.

गरोदरपणात आईने ग्रहण पाहिल्यामुळे बाळाचा कान अर्धवट राहतो, असा समज अजूनही ऐकायला मिळतो. त्याला वैज्ञानिक आधार नाही. या समजामुळे दोष आईच्या माथी येतो आणि तपासणी लांबते, एवढंच होतं.

एक मर्यादाही माहीत असायला हवी. एक कान पूर्ण बधिर असेल, तर हे यंत्र त्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पोहोचवतं. त्यामुळे त्या बाजूने आलेली हाक ऐकू येते. पण ती नेमकी कोणत्या दिशेने आली, हे ओळखायला दोन चालू कान लागतात. ती अडचण या यंत्राने सुटत नाही. जंगलात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून सोबत्यांना आपल्या चांगल्या कानाच्या बाजूला चालायला सांगावं.

ऐकण्याची साधनं लपवण्याचा इतिहास जुना

लंडनच्या एफ. सी. रीन या कंपनीने १९व्या शतकात डोक्यावर बसणारे असे ध्वनिपट्टे बनवले होते, जे केसांत झाकले जायचे. १८७९ मध्ये शिकागोच्या रिचर्ड ऱ्होड्स यांनी हातपंख्याच्या आकाराचं ‘ऑडिफोन’ आणलं. ते वरच्या दातांना टेकवायचं, म्हणजे आवाजाची कंपनं दातांतून आणि हाडांतून आत जायची. बघणाऱ्याला मात्र हातात पंखाच दिसायचा. १९५०च्या दशकात तर चष्म्याच्या काड्यांमध्ये श्रवणयंत्रं दडवली गेली.

त्याच दशकात स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी हाडात बसवलेला टायटॅनियमचा भाग नंतर निघेचना, कारण हाड त्याला घट्ट धरून वाढलं होतं. याच शोधातून १९६५ मध्ये दातांचं रोपण सुरू झालं. पुढे १९७७ मध्ये गोथेनबर्ग शहरात अँडर्स चेलस्ट्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐकण्यासाठी पहिल्यांदा असं रोपण केलं.

शस्त्रक्रियेत केस कायमचे जातात का?

आई-वडील हा प्रश्न हमखास विचारतात. जुन्या पद्धतीत खुंटाभोवतीची त्वचा पातळ केली जायची. त्यात केसांची मुळंही निघायची आणि तिथे कायमचं छोटं टक्कल राहायचं. आता अनेक ठिकाणी एक सरळ छेद घेऊन त्वचा आणि केसांची मुळं जपली जातात. शस्त्रक्रियेपूर्वी थोड्या जागेतले केस कापले जातात, पण ते परत येतात.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा. छेद कुठे असेल? किती केस कापणार? आणि रोज वेणी, अंबाडा, चष्मा किंवा हेल्मेट वापरत असाल, तर खुंट नेमका कुठे बसेल? थोडीफार जागा पुढे-मागे करता येते का, हे आधीच बोलून घेतलेलं बरं. प्रोसेसर कानाच्या पाळीला किंवा चष्म्याच्या काडीला टेकला, तर शिट्टी वाजते.

सगळ्या यंत्रांना एकच नियम नाही

खुंट त्वचेबाहेर असेल, तर त्याच्या बुडाशी केस गुंडाळले जाणार नाहीत याकडे लक्ष द्यावं लागतं. तिथे केस, घाम आणि मळ साचला की त्वचा लाल होते, दुखते, पाणी येऊ लागतं.

चुंबकाने चिकटणाऱ्या प्रकारात त्वचा बंद असते. पण चुंबकाखाली केसांचा जाड थर आला तर पकड सैल होते. तेवढ्याच गोलातले केस आखूड ठेवले तर फरक पडतो. चुंबक जास्त ताकदीचा असेल, तर त्वचेवर लाल वळ उठतो. अशा वेळी तो बदलून घ्यावा लागतो.

लहान मुलांसाठी शस्त्रक्रियेविना वापरायचा सॉफ्टबँड मिळतो. हा कपड्याचा लवचिक पट्टा असून त्यावर प्रोसेसर बसतो. कवटीचं हाड पुरेसं जाड व्हावं लागतं, म्हणून अमेरिकेत स्क्रूच्या रोपणाला ५ वर्षं आणि त्यापुढच्या वयासाठीच मान्यता आहे. तोवर हा पट्टाच कामी येतो. त्याशिवाय कानामागच्या केस नसलेल्या त्वचेवर चिकटवायचा प्रकारही आहे, पण घामाने त्याची पकड लवकर सुटते.

कोणती केशरचना चालते?

थोडक्यात सांगायचं तर जवळपास सगळ्या. नियम एवढाच, की केस यंत्रावर पडले तरी चालतील, पण माइक दाबला जाता कामा नये आणि खुंटाला ओढ बसता कामा नये.

दोन वेण्या: शाळेतल्या मुलींसाठी सोयीच्या. भांग मधोमध पाडून वेणी यंत्राच्या खालून सुरू करावी. केस फार ताणून बांधले तर खुंटाभोवतीची त्वचा ओढली जाते. वेणी घालताना प्रोसेसर काढून ठेवावा आणि शेवटी लावावा.

अंबाडा किंवा खोपा: मानेवर खाली बांधला तर यंत्र मोकळं राहतं. बाजूचा अंबाडा हवा असेल, तर तो दुसऱ्या बाजूला. आकडे आणि पिना प्रोसेसरला लागल्या की खरखर ऐकू येते. गजऱ्याचंही तसंच. दागिन्यांमध्ये कानापासून केसांपर्यंत जाणारा वेल माइकला घासू शकतो. साध्या कुड्या किंवा झुमक्यांची अडचण नाही.

मोकळे केस: यंत्र सहज झाकलं जातं. पातळ थर असेल तर ऐकण्यात फारसा फरक पडत नाही. मात्र वाऱ्यात केस माइकवर घासले जातात आणि सतत सळसळ ऐकू येते.

बारीक केस: स्वच्छता सोपी होते, यंत्र मात्र पूर्ण दिसतं. बाजूचे केस कानावर येतील एवढे ठेवण्याचा मधला मार्गही आहे.

स्कार्फ आणि पदर: विदर्भाच्या उन्हात दुचाकीवर तोंड-डोकं बांधल्याशिवाय निघणं कठीण. पण घट्ट बांधलेला स्कार्फ माइक दाबतो आणि शिट्टी वाजते. कापड सुती आणि पातळ असावं, यंत्राच्या बाजूला सैल ठेवावं. डोक्यावरचा पदरही कानाच्या थोडा मागे खोचता येतो.

हेल्मेट: दुचाकीचं असो की कोळसा खाणीतलं, ते प्रोसेसरवर किंवा खुंटावर दाबलं जाऊ नये. बहुतेकदा प्रोसेसर काढूनच हेल्मेट घालावं लागतं. आतला फोम स्वतः कापू नये, कारण त्यामुळे सुरक्षितता कमी होते. खाणीत किंवा वीज केंद्रात काम करणाऱ्यांनी याबद्दल आधीच वरिष्ठांना सांगून ठेवावं.

डोक्यावरचं ओझं: चुंबळ माथ्यावर बसते, खुंट कानामागे असतो. तरी लाकडाची मोळी चढवता-उतरवताना बाजूला धक्का बसू शकतो. खुंटाला जोराचा मार लागला तर हाडातला स्क्रू सैल होण्याचा धोका असतो. म्हणून ओझं उचलायला दुसऱ्याची मदत घ्यावी. प्रोसेसर दोरीने कपड्याला अडकवलेला असला, की निसटला तरी पालापाचोळ्यात हरवत नाही.

तेल, मेंदी, जावळ आणि मुंडण

तेल लावताना, मेंदी किंवा डाय करताना आणि हेअर स्प्रे मारताना प्रोसेसर आधी काढावा. तेलाने माइकची छिद्रं बुजतात. खुंटाच्या अगदी बुडाशी तेल किंवा रंग लावू नये. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा केस रंगवायला कधी सुरुवात करायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

बाळाचं जावळ काढताना सॉफ्टबँड बाजूला ठेवला की झालं. खुंट असलेल्या मोठ्या माणसाला घरातल्या मृत्यूनंतर मुंडण करायचं असेल, तर न्हाव्याला आधी खुंट दाखवावा. त्याच्याभोवती वस्तरा फिरवू नये. तेवढ्या जागेतले केस छोट्या कात्रीने किंवा ट्रिमरने कमी करता येतात. नेहमीच्या कटिंगलाही हीच पद्धत.

जखम पूर्ण भरल्यावर खुंटाची जागा रोज साबण-पाण्याने आणि मऊ ब्रशने स्वच्छ करायची असते. ती स्वतःला दिसत नाही. घरातल्या कोणीतरी मोबाइलवर फोटो काढून दाखवला तर लाली वेळेत लक्षात येते.

ऊन, पाऊस आणि पूर

चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. घामामुळे खुंटाभोवती खाज सुटते. अशा दिवसांत केस वर बांधून ती जागा कोरडी ठेवणं, हाच सोपा उपाय.

पावसाळ्यात प्रश्न वेगळा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्या काळात त्वचेला संसर्ग झाला किंवा बॅटऱ्या संपल्या, तर लगेच कुठे जाता येत नाही. म्हणून पावसाळ्याआधीच एकदा तपासणी करून घ्यावी, बॅटऱ्यांचा साठा ठेवावा आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम घरात असावं. रात्री प्रोसेसर बॅटरीचं झाकण उघडून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवावा.

मग झाकायचं की दिसू द्यायचं?

प्रोसेसर काळ्या, तपकिरी, चंदेरी अशा केसांशी जुळणाऱ्या रंगांत मिळतात. दुसरीकडे, मुलं त्यावर रंगीत स्टिकर लावून मिरवतातही. दोन्ही बरोबर आहे. दाखवणारा धीट आणि झाकणारा भित्रा, असं काही नसतं.

पण निर्णय वापरणाऱ्याचा असावा. ‘लग्नात फोटो निघणार आहेत, आज काढून ठेव’ असं घरच्यांनी म्हटलं, की त्या दिवशी त्या मुलीला कोणाचं बोलणं धड कळत नाही. वर्गात ‘हे ब्लूटूथ आहे का?’ असं विचारणाऱ्या मुलांना ‘माझा चष्मा कानाचा आहे’ एवढं उत्तर पुरतं. शिक्षकांनी पहिल्याच दिवशी वर्गाला दोन वाक्यांत सांगितलं, तर तेवढंही लागत नाही.

चौकशी कुठे करायची?

० ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांमध्ये होते. पुढची तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. मोठ्यांनी चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि एम्समध्ये कान-नाक-घसा विभागात विचारावं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

रोपणाचा खर्च काही लाखांत जातो. त्यामुळे हो म्हणण्याआधी सॉफ्टबँडवर यंत्र लावून ऐकून पाहावं. सरकारी मदतीची चौकशी करतानाही एक गोष्ट लक्षात असू द्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातली ‘ऐकू कमी येणे’ ही व्याख्या दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट असणाऱ्यांसाठी आहे. एकच कान बंद असलेली व्यक्ती या व्याख्येत बसत नाही.

आणि सॉफ्टबँडवर यंत्र ऐकून पाहायला जाल, तेव्हा रोजची वेणी घालून, रोजचा स्कार्फ बांधूनच जा. जंगलातली हाक ज्या अवतारात ऐकायची आहे, त्याच अवतारात ती ऐकू येते का, हे तिथेच कळेल.