केल्विनच्या पट्टीची कुळकथा

फोटो एडिट करायच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट बॅलन्ससाठी दोन पट्ट्या असतात, टेम्परेचर आणि टिंट. रॉ फाइल उघडली की पहिलीवर केल्विनचे आकडे दिसतात. फोटोला तापमान कशाला, असं नवशिके हमखास विचारतात. त्याचं उत्तर चिनीमातीच्या भट्टीत सापडतं.

इंग्लंडमधल्या जोसाया वेजवुड यांचा चिनीमातीच्या भांड्यांचा कारखाना होता. भट्टीची धग मोजण्यासाठी त्यांनी १७८२ मध्ये एक युक्ती मांडली: मातीचे ठरावीक तुकडे आत ठेवायचे आणि ते किती आक्रसले ते बघायचं. त्यांचा मुलगा थॉमस पुढे गेला. पदार्थ कुठलाही असो, तापवल्यावर तो लाल दिसू लागतो तो एकाच तापमानाला, असं त्याने १७९२ मध्ये नोंदवलं. याच थॉमसने सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर उजेडाने आकृत्या उमटवल्या. हम्फ्री डेव्ही यांनी १८०२ मध्ये ती हकिकत प्रसिद्ध केली. आकृत्या कायम करण्याचा उपाय मात्र सापडला नाही. उजेडात आणल्या की त्या काळवंडत. रंगाचं तापमान आणि फोटोग्राफी, दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस भेटतो याचं मला फार अप्रूप आहे.

१९०० मध्ये माक्स प्लांक यांनी तापमान आणि प्रकाश यांचं नातं सूत्रात बसवलं. त्यामुळे उजेडाचा रंग, तसाच रंग देणाऱ्या तापलेल्या वस्तूच्या तापमानाने सांगता येतो: मेणबत्ती सुमारे १९०० केल्विन, स्टुडिओतला दिवा ३२००, दुपारचं ऊन ५५००, सावली ७००० च्या पुढे.

फिल्म एकाच उजेडासाठी बनवलेली असे. उन्हासाठीची फिल्म दिव्याखाली वापरली की चित्र नारिंगी येई, म्हणून लेन्सवर ८०ए हा निळा फिल्टर चढवायचा. पण एकच फिल्टर वेगवेगळ्या उजेडात वेगवेगळ्या केल्विनचा फरक पाडतो, मग त्याच्यावर आकडा कुठला छापायचा? अमेरिकेतल्या इर्विन प्रीस्ट यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तोडगा सुचवला: दहा लाखाला केल्विनने भागा. हेच ते मायरेड. ३००० आणि ४००० मध्ये ८३ मायरेडचं अंतर पडतं, ९००० आणि १०००० मध्ये जेमतेम ११. डोळ्यालाही पहिला फरक ठळक दिसतो, दुसरा फारसा जाणवत नाही. फिल्टरचा मायरेडमधला आकडा मात्र जवळपास कायम राहतो.

फिल्टर कपाटात गेले, हा भागाकार टिकला. फोटोशॉपच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या थॉमस नोल यांनी २००३ मध्ये रॉ फाइल उघडणारं कॅमेरा रॉ आणलं. अडोबीने खुल्या केलेल्या, डीएनजी या रॉ फाइलच्या प्रकारासाठीच्या कोडमध्ये तापमानावरून रंग काढताना पहिली पायरी हीच: दहा लाख भागिले केल्विन. मग ३१ ओळींच्या तक्त्यात ती किंमत शोधली जाते. टिंट म्हणजे तापलेल्या वस्तूच्या रंगरेषेपासून बाजूला किती सरकायचं ते, एकीकडे हिरवा, दुसरीकडे मॅजेंटा. ट्यूबलाइटचा उजेड तापलेल्या तारेतून येत नाही, त्यामुळे केवळ पहिल्या पट्टीने तो सावरत नाही.

केल्विन वाढवला की फोटो पिवळा होतो, याने पुष्कळजण गोंधळतात. तो आकडा फोटोचा नसून, तो काढला त्या वेळच्या उजेडाचा आहे. १०००० सांगितलं की सॉफ्टवेअर समजतं, उजेड निळा होता, आणि पिवळा भरून काढतं. पट्टीवर उजेडाचा आकडा ठेवण्याचा हा निर्णय रॉ फाइलपुरता मला अगदी योग्य वाटतो. त्यामुळे माणूस उजेड ओळखायला शिकतो.

व्हाइट बॅलन्स आपोआप ठरवणाऱ्या ‘ऑटो’चं कूळ वेगळं. कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांना १९५१ मध्ये पेटंट मिळालं, त्याचा आधार असा की सगळ्या दृश्याची सरासरी करड्या रंगाची निघते. रंगीत प्रिंट काढताना ते बहुतेकदा जमून जाई. याच हिशेबावर चालणाऱ्या ऑटोला हळदीच्या कार्यक्रमाचा फोटो दिला, तर तो हळदीलाच उजेडाचा दोष समजतो आणि नवरीचा चेहरा निळसर करून ठेवतो. अशा वेळी ड्रॉपर घ्यावा; तो जिथे टेकवाल ती जागा बिनरंगी मानून सॉफ्टवेअर दोन्ही पट्ट्या लावतं. तोही नवरदेवाच्या सदऱ्यावर टेकवू नये, कारण त्यावर हळदीची पिवळी झाक असते. भगभगीत पांढऱ्यावरही नको. तिथे तिन्ही चॅनल टोकाला जाऊन रंगातला फरक पुसलेला असतो. कार्यक्रम सुरू होण्याआधी त्याच दिव्याखाली ग्रे कार्डचा एक फोटो काढावा, त्यावर ड्रॉपर टेकवावा आणि मिळालेले दोन्ही आकडे बाकीच्या फोटोंना लावावेत.