सातपुड्याच्या पायथ्याचे पक्षी आणि ऋतुचक्र

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी खापर हे गाव वसले आहे. या पट्ट्यातील ऋतुबदल पक्ष्यांवरूनही ओळखता येतो. वैशाखात कोकिळाच्या जोडीला पावशाची साद ऐकू येऊ लागते. पावसाच्या आगमनाबरोबर चातक आणि नवरंग दाखल होतात. सुगरणीची घरटी याच काळात विणली जातात. हिवाळ्यात उत्तरेकडून धोबी येतात, ज्वारीच्या शिवारात भोरड्यांचे थवे उतरतात. फाल्गुनात पळस, पांगारा फुलला की हेच थवे मकरंदासाठी त्या झाडांवर गर्दी करतात.

पाहुण्या पक्ष्यांचे येणे-जाणे सहज लक्षात येते. बारमाही रहिवाशांचे ऋतुमान मात्र चिकाटीने टिपावे लागते. रानपिंगळा हे त्याचे ठळक उदाहरण. ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या घुबडाचे वर्णन प्रसिद्ध केले. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेल्या नमुन्यांनंतर त्याची विश्वसनीय नोंद झाली नाही. रिचर्ड मायनर्त्झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे तो मिळाल्याचा दावा केला होता. ती नोंद खोटी असल्याचे पामेला रासमुसेन यांच्या संशोधनातून उघड झाले. मग शोध जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा पुन्हा दिसला. ११३ वर्षे तो नामशेष झालेला नव्हता; विश्वासार्ह नोंद तेवढी नव्हती.

रानपिंगळा दिवसा वावरतो, शुष्क पानझडी सागवनात राहतो आणि झाडांच्या ढोलीत घरटे करतो. ऑक्टोबर ते मे हा त्याचा विणीचा काळ. सागाची पाने गळाल्यावर उघड्या फांदीवर तो तुलनेने सहज दिसतो. पावसाळ्यातील दाट पर्णभारात दृष्टीआड होतो. त्यामुळे एखाद्या ऋतूत पक्षी दिसला नाही, एवढ्यावरून तो तेथे नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

महाविद्यालयाचे आवार असो वा गावाचे शिवार, ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी, दर पंधरवड्याला फेरी मारून तारीख, वेळ, ठिकाण, झाड आणि पक्ष्याची हालचाल लिहिणे म्हणूनच आवश्यक ठरते. न दिसलेल्या पक्ष्याचीही नोंद हवी. मेळघाट, यावल, तानसा आदी ठिकाणी आढळल्यानंतर २०१८ मध्ये रानपिंगळ्याची गणना ‘अतिसंकटग्रस्त’ऐवजी ‘संकटग्रस्त’ गटात झाली. मात्र जंगलतोडीत ढोलीची जुनी झाडे नाहीशी होण्याचा धोका कायम आहे.