नागीण धून, तिच्याखालचा सूर आणि डॉल्बीचा ‘ड्रॉप’

बत्तीस शिराळ्याची नागपंचमी म्हटलं की लोक नागांबद्दल विचारतात. २००२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांच्या मिरवणुकीवर बंधनं आली, ती चर्चा अजून चालूच आहे. माझा प्रश्न मात्र आपल्या भागातल्या कुठल्याही मिरवणुकीत, वरातीत हमखास वाजणाऱ्या नागीण धुनेचा आहे. डीजे तिच्याखाली कॉर्ड घालतो, तेव्हा नेमकं काय बदलतं?

आधी थोडा इतिहास. ही धून पुंगीची वाटते, पण ती पुंगीवर वाजलेलीच नाही. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटाचे संगीतकार हेमंतकुमार. पुंगीचा आवाज काढला कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनवर, सोबत रवींची हार्मोनियम. क्लॅव्हिओलिन म्हणजे विजेवर चालणारं, एका वेळी एकच सूर देणारं कीबोर्ड. म्हणजे आपल्याला अस्सल गावरान वाटणारी ही धून जन्मापासूनच इलेक्ट्रॉनिक आहे!

खऱ्या पुंगीला दोन नळ्या असतात. एकीवर धून, दुसरीवर अखंड एकच सूर. बँजोचंही तसंच. १९१२ मध्ये जपानच्या नागोयात तयार झालेल्या तैशोगोतोचा हा आपल्याकडचा अवतार. टाइपरायटरसारखी बटणं दाबून काही तारांवर धून वाजते, बाकीच्या तारा त्याच सुरात झंकारत राहतात. कॉर्ड नाहीतच.

आता डॉल्बीकडे या. समजा, सा धरला पांढरी सहावर आणि डीजेनं ए मायनर, एफ, सी, जी अशी चार कॉर्डची साखळी फिरवली. पहिल्या कॉर्डमध्ये सा हा पाया असतो. दुसऱ्यात तोच मधला सूर होतो. सी आणि जी या कॉर्डमध्ये तर तो बसतच नाही. धून तीच, पण घरातला सा पाहुण्यासारखा वाटायला लागतो. मग ताशासारखा कडकडाट वाढतो, सगळं क्षणभर थांबतं आणि ‘ड्रॉप’ येतो. इथं बरेचदा कॉर्ड गायब होतात; उरतो एका सुरावरचा बेस आणि धुनेचा छोटा तुकडा. थोडक्यात, पुंगीची दुसरी नळी परत येते, फक्त भिंतीएवढ्या स्पीकरमधून.

प्रत्येक डीजे असंच करतो असं नाही. काही जण ड्रॉपमध्येही कॉर्ड फिरवत ठेवतात. पण ‘डॉल्बीनं आमची चाल बिघडवली’ ही तक्रार मला अर्धीच पटते. कानठळ्या बसतात हे खरंय, त्याचं समर्थन नाही. चाल मात्र शाबूत आहे. बदलते ती तिच्याखालची जमीन.

खरी काळजी वेगळीच आहे. १९५४ च्या वादकांची नावं आपल्याला माहीत आहेत. त्यानंतर हीच धून बँजोवर बसवणाऱ्यांची कुठंच नोंद नाही. त्यामुळे शिराळा, कोकरूड, मांगले भागातल्या बँजो पार्ट्यांच्या जुन्या कॅसेट तुमच्या माळ्यावर असतील, तर टाकून देऊ नका. कॉर्ड नेमक्या कधी शिरल्या, हे त्यांतूनच कळेल.