कळंबे ते थोरला दवाखाना : रुग्णाच्या वाटेविषयी काही विचार

संस्थानी कारभाराच्या दप्तरात दवाखान्याची इमारत, तिचा खर्च व ती बांधविणाराचे नाव या गोष्टी सहज सापडतात. परंतु त्या इमारतीच्या पायरीवर येऊन बसलेल्या रुग्णास तेथे काय अनुभव आला, हे दप्तर क्वचितच सांगते. रुग्ण दप्तरात येतो तो बहुधा आकडा होऊन. मग त्याची साक्ष शोधावयाची कोठे? आमच्या मते ती पुष्कळदा सरकारी हुकुमांतच दडलेली असते. जी गोष्ट करू नये म्हणून हुकूम काढावा लागला, ती गोष्ट तत्पूर्वी सर्रास घडत असली पाहिजे, हा न्याय इतिहासाच्या अभ्यासकास लावता येतो. या न्यायाने करवीर संस्थानातील १९१९ सालचा एक हुकूम तपासून पाहावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आरंभ मात्र शहरापासून न करता कळंब्यापासून करू. कारण दवाखान्याचा इतिहास रुग्ण निघाला त्या ठिकाणापासून लिहिला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

१

करवीर तालुक्यातील कळंबे तर्फ ठाणे हे गाव कोल्हापूरच्या दक्षिणेस सुमारे दीड कोसावर आहे. बोलण्यात त्यास कळंबाच म्हणतात. कात्यायनीच्या डोंगराकडील पाणी अडवून येथे जो तलाव एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात झाला, त्याचे पाणी नळाने शहरास नेण्यात आले. पटकी व हगवण हे रोग दूषित पाण्याने पसरतात, हे आता सर्वमान्य आहे. कॉक या जर्मन शास्त्रज्ञाने पटकीच्या जंतूचा शोध इजिप्त व कलकत्ता येथे लावला तो १८८३-८४ सालीच. तेव्हा शहराच्या आरोग्यरक्षणाचा विचार करताना कळंब्याचा तलाव दवाखान्याच्या बरोबरीने मोजला पाहिजे. कळंब्याचे पाणी उतारावरून आपोआप शहरात जाई. कळंब्याच्या रोग्यास मात्र मोठ्या उपचारासाठी तोच दीड कोस पायी, गाडीतून किंवा कोणाच्या तरी खांद्यावरून कापावा लागे.

२

ही वाट जेथे संपे, तो अल्बर्ट एडवर्ड दवाखाना प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या १८७५-७६ सालच्या हिंदुस्थानातील दौऱ्याचे स्मारक म्हणून उभारला गेला. त्याच्या रचनेशी मेजर मँट यांचे नाव निगडित आहे. तो टाउन हॉलसमोर असून पुढे त्यास छत्रपती प्रमिलाराजे यांचे नाव मिळाले. लोक त्यास ‘थोरला दवाखाना’ म्हणत आले आहेत.

पण इमारत झाली म्हणजे दार सर्वांस उघडले, असे होत नाही. पुरुष वैद्याकडून तपासून घेणे ही गोष्ट त्या काळच्या पुष्कळ स्त्रियांस मरणाहून कठीण वाटे. ही अडचण संस्थानाने जाणली होती. अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांची १८८६ साली याच दवाखान्याच्या स्त्रीविभागावर नेमणूक झाली, ती याचमुळे. दुर्दैवाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या क्षयाने वारल्या व नेमणूक कागदावरच राहिली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी येथे स्त्रीरोग्यांची सेवा केली. दवाखाना तोच, औषधेही तीच. परंतु तपासणारा हात बदलताच एका मोठ्या वर्गास वाट मोकळी झाली.

दुसरा अडथळा भीतीचा होता. १८९७ सालच्या प्लेगात पुण्यास घरोघर झडत्या झाल्या तेव्हा लोक आजारी माणसे लपवू लागले. कारण दवाखाना म्हणजे जिवंत परत न येण्याची जागा, असा समज झाला होता. जेथे धाकाने नेले जाते तेथे रोगी आपण होऊन जात नाही, हा त्या साथीचा धडा होय.

३

आता तिसऱ्या व सर्वांत कठीण अडथळ्याकडे वळू. ६ सप्टेंबर १९१९ रोजी श्रीशाहू छत्रपतींनी काढलेल्या हुकुमाचा आशय असा की, सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, नदीचे पाणवठे, विहिरी इत्यादी ठिकाणी कोणाही माणसाचा विटाळ मानावयाचा नाही. अमेरिकन मिशनमध्ये डॉ. व्हेल जसे सर्वांस समतेने वागवितात तसेच येथेही वागविले पाहिजे. आणि तसे न झाल्यास गावचा पाटील व तलाठी जबाबदार धरला जाईल.

या हुकुमातील दोन गोष्टी आम्हांस विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की, समतेचे उदाहरण म्हणून छत्रपतींनी नाव घेतले ते एका डॉक्टराचे. डॉ. वानलेस यांनी मिरजेस १८९४ साली मिशनचे रुग्णालय स्थापिले व डॉ. व्हेल तेथेच काम करीत. कोल्हापूर-मिरज आगगाडी १८९१ सालीच सुरू झाली होती. उदाहरण द्यावयाचे ते ऐकणारास ठाऊक असलेलेच देतात. यावरून मिरजेस अस्पृश्य रोग्यास कसे वागविले जाते, हे करवीरच्या प्रजेस माहीत होते व आपल्या येथे तसे होत नाही हेही माहीत होते, असे अनुमान निघते. दुसरी गोष्ट ही की, जबाबदारी पाटील-तलाठ्यावर टाकली. म्हणजे विटाळाची भिंत शहरात तशीच कळंब्यासारख्या प्रत्येक गावात होती. पाणवठा व सार्वजनिक इमारत यांस एकच नियम लावला, याचाही अर्थ तोच.

यावर कोणी म्हणेल, करवीरचा हा विशेष प्रकार असेल. तसे नव्हते. मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये श्री. बोले यांचा जो ठराव संमत झाला, त्यात पाणवठे, विहिरी, शाळा व कचेऱ्या यांबरोबर सरकारी दवाखाने अस्पृश्यांस खुले करण्याचाही उल्लेख आहे. ब्रिटिश मुलखातही दवाखाना ‘खुला करावा’ लागला, हीच मोठी साक्ष होय.

प्रत्यक्ष रोग्याच्या घरची साक्षही एके ठिकाणी उपलब्ध आहे. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र ‘यंग इंडिया’त १२ डिसेंबर १९२९ रोजी छापले गेले व डॉ. आंबेडकरांनी ते आपल्या आठवणींत नमूद केले. त्याची बाळंतीण पत्नी आजारी पडली असता डॉक्टर वस्तीत येईना. शेवटी तिला वस्तीबाहेर आणविले. डॉक्टराने ताप मोजण्याची नळी एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिली, त्याने ती पतीस, पतीने पत्नीस. आणि ती त्याच क्रमाने परत गेली. नाडीस हात न लावता निदान झाले आणि ती बाई मरण पावली. १९१९ चा हुकूम कशाविरुद्ध होता, हे या एका पत्रावरून जितके कळते तितके शंभर अहवालांवरून कळणार नाही.

४

हुकूम निघाला म्हणून व्यवहार बदलला, असे मानणे चुकीचे होईल. बोले ठरावानंतरही १९२७ साली महाडास सत्याग्रह करावा लागला. हुकुमाने तक्रार सिद्ध होते, तिचे निवारण नव्हे.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यापूर्वी १९४६ साली भोर समितीने सुचविले होते की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारास मुकू नये आणि आरोग्यकेंद्र खेड्याजवळ असावे. १९५२ पासून प्राथमिक आरोग्यकेंद्रे निघू लागली व दवाखाना रोग्याकडे चालत येऊ लागला. थोरल्या दवाखान्यास पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली व कळंबे शहरास येऊन भिडले. आता तो दीड कोस काही मिनिटांचा झाला आहे. तथापि वाट केवळ कोसांत मोजावयाची नसते, हेच वरील विवेचनाचे तात्पर्य. रांगेतील वेळ, बुडालेली मजुरी व बोलण्यातील तुच्छता हीही अंतरेच होत, आणि त्यांची मोजणी कोणत्याही नकाशात होत नाही.

ज्यांच्या घरी जुन्या दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, आजाऱ्यांविषयीची पत्रे किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या हकीकती असतील, त्यांनी त्या जपाव्यात व अभ्यासकांच्या नजरेस आणाव्यात, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो. इमारतीचा इतिहास दगड राखतात. रुग्णाचा इतिहास आपण राखला तरच राहील.